शहाणं कुत्रं, निरक्षर माणूस

चपलेचा पट्टा नीट करायला भर रस्त्यात कधी खाली वाकला असाल, तर हे तुम्ही पाहिलेलं आहे. दहा-पंधरा फुटांवर पसरलेलं एखादं गावठी कुत्रं झटकन उठतं आणि कान पाडून लांब जातं. तुमच्या हातात दगड नसतो, तुमच्या मनातही नसतो. पण माणूस वाकला की पुढे काय होऊ शकतं, हे त्याला ठाऊक असतं. तुमचा हात जमिनीला टेकायच्या आत त्याने निर्णय घेतलेला असतो.

याला ट्रेनर नव्हता, बिस्किट नव्हतं, ‘गुड बॉय’ नव्हतं. तरी त्याने माणसाच्या हालचालीतून पुढचं वाचलं, धोका मोजला आणि वागणं बदललं. हेच चौथ्या मजल्यावरच्या लॅब्रॅडॉरने केलं असतं तर त्याची रील झाली असती. गावठी कुत्र्याने केलं की आपण म्हणतो, ‘घाबरट आहे.’

माझं भांडण इथून सुरू होतं. कुत्र्याची अक्कल मोजायला आपण जी फूटपट्टी घेतली आहे, ती अक्कल मोजतच नाही. ती आज्ञाधारकपणा मोजते. कुत्र्याला आपलं किती कळतं याचं कौतुक करताना, आपल्याला त्याचं काही कळतं का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याची किंमत कुणीतरी भरतं. आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी एका सहा वर्षांच्या मुलाने आणि एका कुत्र्याने भरली. त्या दिवशी मोबाइल माझ्या हातात होता, त्यामुळे हे दुसऱ्या कुणाला उद्देशून लिहिते आहे असं समजू नका.

*

मराठीत ‘शहाणा’ हा मोठा बेरकी शब्द आहे. ‘शहाणं बाळ’ म्हणजे हुशार बाळ नव्हे. सांगितलं तिथे बसणारं, दिलेलं खाणारं, पाहुण्यांसमोर कविता म्हणणारं बाळ म्हणजे शहाणं बाळ. आणि ज्याने खरोखर स्वतःचं डोकं चालवलं त्याला आपण विचारतो, ‘फार शहाणा झालास का?’ आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणी ही दोन्ही वाक्यं ऐकली आहेत. कुत्र्यांना आपण हीच वागणूक देतो.

‘जगातली सगळ्यात हुशार कुत्री’ अशा याद्या तुमच्या फीडमध्ये येत असतील. बॉर्डर कॉली पहिली, पूडल दुसरी, अफगाण हाउंड शेवटचा. या बहुतेक याद्यांचं मूळ स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाच्या १९९४ च्या पुस्तकात आहे. त्याने अमेरिका आणि कॅनडातल्या आज्ञापालनाच्या स्पर्धांच्या परीक्षकांना विचारून हा क्रम लावला. कोणती जात नवी आज्ञा किती लवकर शिकते आणि पहिल्या हाकेला किती वेळा ऐकते, हा त्याचा कस होता. कोरेनने स्वतः हे लपवलेलं नाही. या बुद्धीला त्याने कामाची आणि आज्ञापालनाची बुद्धी असंच म्हटलं. पण रीलमध्ये येईपर्यंत मधले शब्द गळून पडले आणि ‘बुद्धी’ तेवढी उरली.

अफगाण हाउंड हे शिकारी कुत्रं. माणसाच्या कितीतरी पुढे पळत स्वतः निर्णय घेण्यासाठी पिढ्यानपिढ्या जोपासलेलं. ते दर दोन मिनिटांनी मालकाच्या तोंडाकडे बघत बसलं तर शिकार मिळेल का? त्याला ‘बस’ म्हटल्यावर ते बसत नाही, म्हणून ते ढ. आणि आपलं गावठी? ते यादीतच नाही, कारण त्याला स्पर्धेत कुणी नेत नाही.

त्यात आपली आणखी एक गंमत. मराठी घरांत कुत्र्याशी इंग्रजीत बोलतात. आजी नातवाला ‘बस रे बाळा’ म्हणते आणि त्याच दमात ब्रूनोला ‘सिट!’ म्हणते. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या वाट्याला मराठी येते ती ‘हाड’ एवढीच. म्हणजे आज्ञा देण्याच्या लायकीचं कुत्रं इंग्रजी माध्यमातलं, आणि हाकलायचं ते जिल्हा परिषदेचं.

कुत्र्यांना मात्र हा फरक ऐकू येतो, अगदी शब्दशः. बुडापेस्टमध्ये काही वर्षांपूर्वी १८ कुत्र्यांना एमआरआय यंत्रात शांत पडून राहायला शिकवलं आणि ‘द लिटल प्रिन्स’मधले उतारे ऐकवले, एकदा त्यांच्या घरातल्या भाषेत आणि एकदा अनोळखी भाषेत. हंगेरियन आणि स्पॅनिश या त्या भाषा. दोन्ही ऐकताना मेंदूतला प्रतिसाद वेगळा होता, आणि कुत्रं जितकं वयस्क तितका तो फरक ठळक. कुणी त्यांना भाषा शिकवली नव्हती. ती घरात पडून ऐकत होती, एवढंच.

*

‘पण कुत्र्याला खरंच शब्द कळतात का? तो तर फक्त आवाजाचा सूर पकडतो.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचं उत्तर नीट देते.

जर्मनीतल्या रिको नावाच्या बॉर्डर कॉलीला दोनशेहून जास्त वस्तूंची नावं येत होती. २००४ मध्ये त्याच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली थक्क करणारी गोष्ट आकड्यात नव्हती. ओळखीच्या खेळण्यांत एक नवं खेळणं ठेवलं आणि कधीच न ऐकलेलं नाव उच्चारलं, तर बहुतेक वेळा रिको ते नवंच खेळणं उचलून आणायचा. ‘बाकी सगळ्यांची नावं मला माहीत आहेत, म्हणजे हे नाव याचं असणार,’ असा काहीसा तर्क. लहान मुलंही नवे शब्द असेच शिकतात. पुढे अमेरिकेत जॉन पिली या निवृत्त प्राध्यापकाने चेसर नावाच्या कुत्रीला तीन वर्षांत १,०२२ खेळण्यांची नावं शिकवली.

आणि सूर? २०१६ मध्ये बुडापेस्टच्याच एका गटाने १३ कुत्र्यांच्या मेंदूचे एमआरआय घेतले. कौतुकाचे शब्द कौतुकाच्या सुरात, तेच शब्द कोरड्या सुरात, आणि निरर्थक शब्द लाडाच्या सुरात. मेंदूतला सुखावण्याचा भाग सगळ्यात जास्त जागा झाला तो शब्द आणि सूर दोन्ही कौतुकाचे असताना. म्हणजे लाडिक आवाजात काहीही बरळलं की कुत्रं फसतं, हा आपला गैरसमज आहे. ते शब्द आणि सूर एकमेकांशी ताडून बघतं.

पण खरं सांगायचं तर चेसरचे हजार शब्द माझ्या मुद्द्याला फारसे लागत नाहीत. तीही शेवटी परीक्षाच, आपण काढलेली आणि आपल्याच भाषेतली. माझ्या मुद्द्याचा प्रयोग याहून साधा आहे. दोन वाट्या पालथ्या ठेवायच्या, एकीखाली खाऊ, आणि त्या वाटीकडे बोट दाखवायचं. आपला सगळ्यात जवळचा नातलग चिंपांझी यात बऱ्याचदा गोंधळतो. माणसांनी वाढवलेले लांडगेही कुत्र्यांच्या मागे पडतात. कुत्र्याची काही आठवड्यांची पिल्लं मात्र बोटाच्या दिशेने चालू लागतात. किमान १४-१५ हजार वर्षं माणसाच्या सोबतीने काढल्याचा हा वारसा आहे.

आता हाच प्रयोग आपल्या रस्त्यावर. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं भटक्या कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. २०१७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रस्त्यावरची पिल्लं माणसाच्या बोटामागे बिनधास्त गेली. थोडी मोठी, अर्धवट वयातली कुत्री मात्र जाईनाशी झाली. आणि प्रौढ कुत्री? ती समोरचा माणूस विश्वासाचा आहे का, हे पाहून आपलं वागणं बदलत होती.

हा परिच्छेद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मोबाइल बाजूला ठेवला होता. जन्मतः पिल्लू आपल्यावर विश्वास ठेवतं. मग त्याच्या अंगावर गरम पाणी पडतं, शेपटीला दिवाळीची माळ बांधली जाते, बिस्किट दाखवून लाथ मारली जाते. त्यानंतर ते आपलं बोट मानत नाही. त्याची अक्कल कमी झालेली नसते. ते आपल्याबद्दल शिकलेलं असतं.

२०२० मध्ये याच गटाने १६० प्रौढ भटक्या कुत्र्यांवर आणखी अवघड इशाऱ्याचा प्रयोग केला. जवळपास निम्मी कुत्री वाट्यांजवळ आलीच नाहीत. जी आली त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी बोट बरोबर वाचलं. कुठलंही प्रशिक्षण नाही, सगळी अनोळखी माणसं. आता सांगा, ‘सिट’ म्हटल्यावर बसणारं कुत्रं जास्त हुशार, की समोरच्याचं ऐकायचं की नाही हे ठरवणारं?

*

आता तांबूची गोष्ट.

तांबू आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहायचा. तांबूस रंग, डाव्या कानाला नसबंदीची खाच. कुठली गाडी कुणाची हे वॉचमनकाकांच्या आधी त्याला कळायचं. दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा त्याच्यावर जीव टाकायचा. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी तो जिन्याच्या पायरीवर तांबूच्या गळ्यात हात टाकून बसला, आणि मी व्हिडिओ काढायला लागले. गोड दिसत होतं.

तो व्हिडिओ ४१ सेकंदांचा आहे. नंतर मी तो किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. आठव्या सेकंदाला तांबू तोंड दुसरीकडे फिरवतो. बाराव्याला ओठ चाटतो, आसपास खायला काही नसताना. सतराव्या सेकंदाला जांभई देतो आणि मी हसते. माझाच आवाज आहे, ‘बघ, बोअर झाला तुला!’ चोविसाव्याला त्याच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागतो. एकोणतिसाव्याला त्याचं तोंड मिटतं आणि अंग दगडासारखं ताठ होतं. मुलगा गळ्याला आणखी घट्ट मिठी मारतो. तेहतिसाव्या सेकंदाला बारीक गुरगुर, आणि पुन्हा माझाच आवाज, ‘ए तांबू, गप!’ छत्तिसाव्याला तो चावतो.

मुलाच्या हातावर दोन दात उमटले. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली, त्याच दिवशी इंजेक्शनं सुरू झाली. आज तो ठणठणीत आहे. त्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज मीच टाकला, ‘तांबू अचानक चावला.’

अचानक! अठ्ठावीस सेकंद तो सहा वेगवेगळ्या प्रकारे ‘नको’ म्हणत होता. कुत्र्यांसोबत काम करणारा कुणीही सांगेल, की तोंड फिरवणं, ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा, ताठरणं आणि गुरगुर या चढत जाणाऱ्या पायऱ्या असू शकतात. माझ्या एका शब्दाचा सूर ताडून बघणाऱ्या जनावराची सहा वाक्यं मी वाचली नाहीत. सहाव्यावर तर त्यालाच दटावलं. गुरगुरीला दटावणं म्हणजे धुराचा अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढणं. आग तशीच राहते.

यात मुलाची चूक शून्य आहे. लहान मुलं कुत्र्याचे विचकलेले दात हसू समजतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. त्याला थांबवायला तिथे एक मोठं माणूस होतं. ते व्हिडिओ काढत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी तांबू दिसला नाही. कुणी नेला, कुठे सोडला, कुणी बोललं नाही. नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण झालेलं कुत्रं त्याच्या मूळ जागेवरून असं परस्पर हलवता येत नाही. पण कायदा राहू द्या, अक्कल बघा. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. त्या काळात ते धडधाकट राहिलं तर त्याच्या चाव्यातून रेबीज झालेला नाही हे कळतं. आमच्या शहाण्यांनी तिसऱ्याच रात्री तो पुरावा गाडीत घालून सोडून दिला, आणि मुलाची आई उरलेले सात दिवस नीट झोपली नाही. सोसायटीच्या ऑफिसात भिंतीवर दत्ताची तसबीर आहे. पायाशी चार कुत्री. ते चार वेद आहेत, असं आमचे सेक्रेटरीकाकाच दर दत्तजयंतीला सांगतात.

*

यावर दोन बाजूंनी आरडाओरडा होणार, हे मला माहीत आहे.

पहिली बाजू: ‘इथे माणसं मरतायत आणि तुम्हाला कुत्र्याच्या जांभया सुचतात!’ हा राग खोटा नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं. रात्री दोन वाजता टू-व्हीलरमागे पाच कुत्री लागल्यावर डिलिव्हरीवाल्या पोराने कुणाचे कान आणि शेपट्या वाचायच्या? त्याला देहबोलीचा धडा नको, रिकामा रस्ता हवा. त्यासाठी नसबंदी आणि लसीकरण वेळच्या वेळी व्हायला हवं, उघड्यावरचा कचरा उचलला जायला हवा, आणि हे महापालिकेकडून भांडून घ्यायला हवं. यात मी एक शब्दही मागे घेणार नाही. पण घराच्या दारात, जिन्यात, ओळखीच्या कुत्र्याकडून लहान मुलांना होणारे चावे वेगळे. ते वाचता येतात, म्हणून टाळताही येतात.

दुसरी बाजू श्वानप्रेमींची, आणि माझा जास्त राग यांच्यावर आहे, कारण मी यांच्यातलीच. ‘आमच्या ब्रूनोला सगळं कळतं!’ मग ब्रूनोने सोफा फाडल्यावर त्याच्यासमोर कॅमेरा धरून ‘हे कुणी केलं?’ विचारायचं, त्याने मान खाली घातली की ‘बघा, कसा ओशाळला!’ अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये हा ओशाळलेला चेहरा तपासला. कुत्र्याने खरंच काही केलं होतं की नाही याने फरक पडत नव्हता. मालक रागावला की तो चेहरा यायचा, निर्दोष कुत्र्याचाही. ज्याला आपण अपराधाची कबुली म्हणतो ती बऱ्याचदा ‘तू चिडलायस, मला मारू नकोस’ अशी विनवणी असते. लाखो लोक ती बघून हसणारी इमोजी टाकतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायचा आदेश दिला आणि अकरा दिवसांनी त्यात बदल केला, तेव्हा या दोन्ही बाजू सोशल मीडियावर एकमेकांवर तुटून पडल्या होत्या. एकाला कुत्रं राक्षस, दुसऱ्याला देवदूत. दोघांच्याही बोलण्यात खरं कुत्रं, जे जांभई देतं आणि तोंड फिरवतं, ते मला कुठे दिसलं नाही.

आणि आपल्या शहाणपणाच्या म्हणी? ‘भुंकणारं कुत्रं चावत नाही.’ चावतं. ‘शेपूट हलवतंय म्हणजे खूश आहे.’ दरवेळी नाही. २००७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं, की मालक दिसला की कुत्र्याची शेपूट त्याच्या उजव्या बाजूला जास्त हलते, आणि अनोळखी दांडगं कुत्रं दिसलं की डाव्या बाजूला. एवढ्या वर्षांत आपण शेपटीबद्दल काय म्हणालो? नळीत घातली तरी वाकडीच.

शंभरेक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा. खूर आपटून बरोबर उत्तर द्यायचा. १९०७ मध्ये ऑस्कार फुंगस्टने दाखवून दिलं, की त्याला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलायचं आणि हान्स थांबायचा. जग म्हणालं, म्हणजे घोडा अडाणी निघाला. मला नेहमी वाटतं, माणसाला स्वतःलाही माहीत नसलेली त्याची हालचाल वाचणारा अडाणी कसा? त्या अंगणात वाचता येत नव्हतं ते माणसांना.

*

मी तो व्हिडिओ डिलीट केलेला नाही. अपलोडही केला नाही. दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीतल्या आठ-दहा मुलांना, त्यांच्या आई-वडिलांना विचारून, पस्तिसाव्या सेकंदापर्यंत दाखवला. मोबाइल त्यांच्याच हातात दिला आणि सांगितलं, तांबू ‘नको’ म्हणतोय असं वाटेल तिथे थांबवा. पहिल्या वेळी बहुतेकांनी गुरगुरल्यावर थांबवला. दुसऱ्या वेळी अंग ताठल्यावर. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलाने, हातावर अजून दोन पांढरे ठिपके असलेल्या, आठव्या सेकंदाला थांबवला.

‘ताई, इथेच त्याने तोंड फिरवलं,’ तो म्हणाला. मग जरा थांबून, ‘मला तेव्हा कुणी सांगितलंच नाही.’

सेक्रेटरीकाकांनाही दाखवायचं म्हणून मी दोनदा ऑफिसात गेले. त्यांना वेळ नव्हता. नोटीस बोर्डावर अजून तीच नोटीस आहे, ‘भटक्या कुत्र्यांपासून सावध राहावे.’ खाली कुणीतरी, बहुधा मुलांपैकीच, स्केचपेनने एक कुत्रं काढलं आहे. त्याचं तोंड एका बाजूला वळलेलं आहे.